संजयाने सांगितलं म्हणून : गीता, अध्याय 18, श्लोक 77



आजचा श्लोक गीतेतला शेवटून दुसरा आहे. कृष्णाचं सांगणं संपलंय, अर्जुनाचा मोह गेलाय. आता बोलतोय संजय. तो धृतराष्ट्राला म्हणतो की, हरीचं ते अद्भुत रूप मला पुन्हा पुन्हा आठवतंय आणि दर वेळी नव्याने आनंद होतोय.

गीता वाचताना आपण संजयाकडे फारसं बघत नाही. कृष्ण बोलला, अर्जुनाने ऐकलं, एवढंच डोक्यात राहतं. पण ही गीता आपल्यापर्यंत आली कशी? एका न दिसणाऱ्या माणसाने विचारलं, "तिथे काय चाललंय?" आणि दुसऱ्याने ते सांगितलं, म्हणून. अख्ख्या गीतेत धृतराष्ट्राचा एकच श्लोक आहे, अगदी पहिला. बाकी सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर!

महाभारताच्या भीष्मपर्वात याची कथा येते. व्यास धृतराष्ट्राला म्हणाले, हवी असेल तर तुला दृष्टी देतो. त्याने नको म्हटलं. आपल्याच माणसांचा संहार त्याला बघायचा नव्हता. मग व्यासांनी ती दृष्टी संजयाला दिली. म्हणजे संजयाला मिळालेले डोळे त्याच्या एकट्यासाठी नव्हतेच. ते दुसऱ्याला सांगण्यासाठी होते.

हा श्लोक मला समजला तो अजिंठ्याच्या लेणीत. कसा, ते सांगते.

आजी, पाऊस आणि पहिली लेणी

आमचं घर जळगावच्या पिंप्राळ्यात. आषाढी एकादशीला इथे विठ्ठलाचा रथ निघतो. आजी दर वर्षी ओट्यावर उभी राहून दर्शन घेते. यंदा रथ अगदी समोर येईपर्यंत तिला कळलंच नाही. बाजूने येणारं तिला आता दिसत नाही. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की, गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली टिकवायला.

त्या रात्री आजी म्हणाली, "मले अजिंठा पाहून घेऊ द्या एकदा." इथून जेमतेम 60 किलोमीटर, पण आयुष्यभर शेत, घर, लग्नकार्य यांत राहूनच गेलं होतं.

पुढच्या रविवारी निघालो. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. नेरी, पहूर, फर्दापूर, सगळा रस्ता पावसात. फर्दापूर तिठ्यावर गाडी लावून एसटीच्या बसने लेण्यांपाशी गेलो. वाघूर नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. आजीला डोलीत बसवलं, तर ती लाजून हसत होती.

पहिल्या लेणीत चपला काढून आत गेलो. आत अंधार, मंद दिवे, पायाखाली गार दगड. गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्वाचं ते जगप्रसिद्ध चित्र. आजीने माझा दंड धरला.

"काय दिसतं व माय?"

"राजपुत्र आहे आजी. खूप सुंदर."

"सुंदर म्हंजे कसा? नीट सांग ना व."

'सुंदर' हा शब्द तिच्या काहीच उपयोगाचा नव्हता. मग मी एकेक सांगायला लागले. डोक्यावर उंच मुकुट आहे. गळ्यात मोत्यांची माळ. मान एका बाजूला किंचित कललेली. उजव्या हातात निळं कमळ, पण घट्ट नाही धरलेलं, बोटांत नुसतं टेकलेलं. डोळे खाली झुकलेले.

"कोनाकडे पाहतो तो?"

"कुणाकडेच नाही. कुणाचं तरी ऐकत असावा, असं वाटतं."

"मंग ऐकू दे त्याले. तू बोलू नको आता."

आम्ही दोघी गप्प उभ्या राहिलो. हे चित्र मी पुस्तकात, मोबाइलवर कितीतरी वेळा पाहिलंय. पण त्याने कमळ किती हलक्या हाताने धरलंय, हे मला दिसलं ते आजीला सांगताना.

26व्या लेणीत मात्र तिला माझी गरज लागली नाही. तिथे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं शिल्प आहे, सुमारे 7 मीटर लांब. खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदाने वाद्यं वाजवणारे देव. आजीने मान हळूहळू वळवत डोक्यापासून पायापर्यंत तुकड्या-तुकड्याने सगळं पाहिलं. म्हणाली, "हा झोपला नाही व. निघाला." आणि हात जोडले.

आपल्या वाटचे संजय

अजिंठ्यात एक गोष्ट मनात घोळत राहिली. पावसाळ्यात फिरणं थांबवून भिक्खू एका जागी राहायचे, त्याला वर्षावास म्हणतात. आषाढ पौर्णिमेनंतर तो सुरू होतो. आपला चातुर्मासही आषाढी एकादशीपासूनच. दोन्हीकडे सांगणं तेच आहे: पावसात धावू नका, बसा, ऐका, ऐकवा. त्या भिंतींवर आधी गवत-तूस मिसळलेल्या मातीचा गिलावा झाला, त्यावर चुना, आणि तो सुकल्यावर जातककथा रंगवल्या गेल्या. अक्षर न येणाऱ्यालाही गोष्ट कळावी अशा.

पुढे शतकानुशतकं ही लेणी जंगलात झाकली गेली. 1819 मध्ये ती पुन्हा जगासमोर आली. 1844 पासून रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज अधिकारी वर्षानुवर्षं इथे राहून, ज्यांना इथे येता येणार नाही त्यांच्यासाठी, ही चित्रं उतरवत होता. लंडनला पाठवलेली त्याची बहुतेक चित्रं 1866 च्या आगीत जळाली. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा त्याच अंधारात बसले. त्यातलीही बरीच चित्रं 1885 च्या आगीत गेली. गिलची कबर आपल्या भुसावळला आहे. माझ्या लेखी हे सगळे संजयच. पाहिलं आणि दुसऱ्यासाठी नेलं.

आता श्लोकाकडे परत बघा. संजयाला पुन्हा पुन्हा आनंद का होतो? मला वाटतं, त्याने ते रूप सांगितलं म्हणून. नुसतं पाहिलेलं पुसट होत जातं. दुसऱ्यासाठी शब्द शोधत पाहिलेलं मनात बसतं. आणि तो त्याचं श्रेयही घेत नाही. 75व्या श्लोकात म्हणतो, हे मला व्यासांच्या कृपेने मिळालं. डोळे दिलेले असतात. दिलेलं वाटायचं असतं.

आपण फोटो काढतो, स्टेटसला टाकतो, पुढे जातो. त्यात चूक काही नाही. पण फोटो पाठवला की सांगायचं राहून जातं.

आजचा अभ्यास

1. अकराव्या अध्यायाचा आठवा श्लोक वाचा. कृष्ण अर्जुनाला दिव्य दृष्टी देतो, तो. मग 18.75 ते 18.77 सलग वाचा.

2. आज एक गोष्ट दोन मिनिटं शांतपणे पाहा. झाड, मूर्ती, पाऊस, काहीही. फोटो नको.

3. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला फोन करून ती सांगा. 'छान', 'सुंदर' हे शब्द न वापरता. ते "म्हणजे कसं?" विचारतील. उत्तर द्या.

हे हरी, डोळे तू दिलेस. ज्यांची नजर मावळते आहे, त्यांच्याजवळ बसून सांगायला आम्हाला वेळ आणि धीर दे.

राम कृष्ण हरी!