घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करताय? मग आधी हार्ड डिस्कचं बघा!



हल्ली आपल्यापैकी बरेच जण घरच्या लॅपटॉपवर बालगीतं, कविता, परिपाठाची गाणी रेकॉर्ड करतात. माईक कोणता घ्यावा यावर भरपूर चर्चा होते. पण रेकॉर्ड झालेला आवाज ठेवायचा कुठे, यावर फारसं कोणी बोलत नाही. मीही बोलले नसते, पण मला त्याचा चांगलाच फटका बसला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजी जात्यावरच्या ओव्या फार छान म्हणायच्या. एका रविवारी त्यांना घरी बोलावलं. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरवर तासभर रेकॉर्डिंग केलं. लॅपटॉप गच्च भरला होता. म्हणून प्रोजेक्टची फाईल नव्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी केली आणि लॅपटॉपवरचं सगळं डिलीट केलं. रिसायकल बिनसुद्धा रिकामं केलं! दोन महिन्यांनी फाईल उघडायला गेले, तर आवाज नाहीच.

कारण काय? ऑडॅसिटीच्या तेव्हाच्या आवृत्तीत खरा आवाज शेजारच्या 'डेटा' फोल्डरमध्ये असायचा. मी कॉपी केलेल्या छोट्या फाईलमध्ये फक्त कुठला तुकडा कुठे बसतो याची नोंद होती. म्हणजे मी अनुक्रमणिका जपली आणि पुस्तक रद्दीत घातलं. २०२१ मध्ये आलेल्या ऑडॅसिटी ३.० पासून सगळं एकाच फाईलमध्ये राहतं. पण रेकॉर्डिंगच्या इतर अनेक सॉफ्टवेअरमध्ये आजही प्रोजेक्ट आणि आवाज वेगवेगळे असतात. म्हणून नेहमी पूर्ण फोल्डर कॉपी करा.

आता एकेक मुद्दा पाहू.

१) जागा किती लागते?
सीडीच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुन्याला २ बाइट लागतात. म्हणजे एका मिनिटाला ४४,१०० × २ × ६० = ५२,९२,००० बाइट, साधारण ५.३ एमबी. हे झालं मोनोचं. स्टिरिओला दुप्पट, म्हणजे १०.६ एमबी. तेच गाणं १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये मिनिटाला जेमतेम १ एमबी होतं, पण त्यात आवाजाचा काही भाग कायमचा गाळला जातो. म्हणून मूळ प्रत वेव्ह फाईलमध्येच ठेवावी आणि एमपीथ्री व्हॉट्सॲपवर पाठवायला करावी. या हिशेबाने १ टीबीच्या डिस्कवर स्टिरिओ रेकॉर्डिंग दीड हजार तासांहून जास्त मावतं. आपल्याला तेवढी जागा खूप झाली.

२) हार्ड डिस्क की एसएसडी?
हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते. चालू असताना पडली किंवा जोरात हलली तर ती बिघडू शकते. शिवाय तिची बारीक घरघर माईकमध्ये येते. एसएसडीत फिरणारं काही नसतं. ती शांत, वेगवान आणि धक्का सोसणारी असते, पण महाग पडते. एक-दोन माईकच्या कामाला वेगासाठी एसएसडीच हवी असं मुळीच नाही. सेकंदाला पाव एमबीसुद्धा लिहायचं नसतं, ते साधी हार्ड डिस्क सहज करते. हार्ड डिस्क असेल तर माईकच्या टेबलावर ठेवू नका, एवढं पुरे.

३) थेट बाहेरच्या डिस्कवर रेकॉर्ड करावं का?
शक्यतो नको. मुलाचा पाय वायरीत अडकला, यूएसबी जरा सैल झाली, की रेकॉर्डिंग तुटतं. आधी लॅपटॉपवर रेकॉर्ड करा आणि काम संपल्यावर डिस्कवर न्या. लॅपटॉपमध्ये जागाच नसेल आणि नाइलाज असेल, तर छोटी वायर वापरा. माईक आणि डिस्क एकाच स्वस्त हबला न लावता वेगवेगळ्या पोर्टला लावा.

४) फॉरमॅट कोणता?
फॅट-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ कॉपी होत नाही, तो यामुळेच. विंडोज आणि मॅक दोन्हीवर डिस्क वापरायची असेल तर एक्सफॅट निवडा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून हे काम डिस्क नवी असतानाच उरका.

५) काढताना घाई नको
कॉपी झाल्याचं दिसलं तरी लिहिण्याचं थोडं काम मागे बाकी असू शकतं. म्हणून आधी 'इजेक्ट' करा, मगच वायर काढा.

६) डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे!
सगळ्यात महत्त्वाचं हेच. लॅपटॉपवरून उचलून डिस्कवर ठेवलं, तर प्रत एकच राहिली, फक्त जागा बदलली. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, गूगल ड्राइव्हवर किंवा बहिणीकडच्या डिस्कवर ठेवा. आणि डिलीट करण्याआधी कॉपी केलेली फाईल डिस्कवरून उघडून ऐका. मी तेवढी दोन मिनिटं काढली असती तर!

वर्गासाठी कृती (इयत्ता पाचवी): स्टिरिओ रेकॉर्डिंगला मिनिटाला १० एमबी लागतात असं धरा. ४ मिनिटांच्या गाण्याला किती? ३२ जीबीच्या (३२,००० एमबी धरा) पेन ड्राइव्हवर अशी किती गाणी मावतील? उत्तर : ४० एमबी आणि ८०० गाणी. गुणाकार-भागाकाराला यापेक्षा जिवंत उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

शेवटी आजींबद्दल. मी पुन्हा त्यांच्याकडे गेले, झालेली चूक सांगितली. त्या रागावल्या नाहीत. पण मधे मोठं आजारपण होऊन गेलं होतं. "आता दम लागतो हो बाई," म्हणाल्या. तरी माझ्यासाठी थांबत थांबत चार ओव्या म्हटल्या. पहिल्या रविवारी किती म्हटल्या होत्या, ते मी मोजलंही नव्हतं.

त्या चार ओव्या आज तीन ठिकाणी आहेत. तुमच्या घरातल्या, वर्गातल्या आवाजांचंही आजच बघा.