स्वस्तातलं गाणं मिक्स करताना

कच्चे ट्रॅक ऐकल्याशिवाय भाव सांगू नकोस. ‘दोनच माणसं गातात, तासाभराचं काम आहे’ असं फोनवर सांगणाऱ्याच्या फाइली उघडल्या की कळतं, गाणं पंख्याखाली मोबाइलवर रेकॉर्ड झालंय आणि टाळ, ढोलकी, कोरस सगळं एकाच ट्रॅकवर आहे. ते नंतर पुरतं सुटं होत नाही, हे पैसे घेण्याआधी सांगायचं. मिक्स पाठवल्यावर सांगितलंस तर ती सबब वाटते.

निम्मे पैसे आधी, दुरुस्तीच्या फेऱ्या तीन आणि दुरुस्त्या सांगणारा माणूस एक. हे व्हॉट्सॲपवर लिहूनच पाठव. भजनी मंडळाचं गाणं असेल तर एक माणूस ठरवून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. बुवांना पेटी वर हवी असते, पखवाजवाल्याला पखवाज, आणि ज्यांनी पैसे घातले त्यांना आपल्या मुलीचा कोरस. तिघांचंही ऐकलंस तर शब्द बुडतात. भजनात शब्दच बुडाले तर मग काय उरलं?

‘बेस वाढव’ असा निरोप आला की लगेच बेसला हात लावू नकोस. आधी विचार, ‘दादा, ऐकलंत कशावर?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, मोबाइलवर. मोबाइलच्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही येतच नाही. तू ८० हर्ट्झला कितीही उचललंस तरी त्याला ढोलकीचा खर्ज ऐकू येणार नाही, आणि गाडीत तेच गाणं गढूळ वाजेल. त्यापेक्षा ढोलकीच्या खर्जाच्या बाजूला हलकं सॅच्युरेशन दे. त्यातून वरचे हार्मोनिक तयार होतात आणि तेवढ्यावरून खालचा स्वर कान आपणच भरून घेतो.

‘गाणाऱ्याचा आवाज दबतोय’ म्हणाले, तर गळा वर करण्याआधी पेटी आणि बासरी दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात थोडी कमी करून बघ. शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः तिथे. टाळही तपास, त्याची किणकिण ‘स’ आणि ‘श’ झाकून टाकते.

‘यूट्यूबवरच्या गाण्याएवढं मोठं हवं’ याला वाद घालून उत्तर देऊ नकोस. तिथे उणे १४ एलयूएफएसपेक्षा मोठं गाणं आपोआप खाली आणलं जातं. लिमिटरने दाबून फक्त ढोलकीची थाप मरते. त्यांना समोर बसव, दोन्ही गाणी सारख्या पातळीवर आणून ऐकव. पातळी जुळवलीच पाहिजे, कारण जरासं मोठं वाजणारं गाणं कुणालाही चांगलंच वाटतं.

कमी पैसे देणारा जास्त छळतो, असं आपल्यात म्हणतात. मला ते पटत नाही. बहुधा त्याच्या आयुष्यातलं ते एकच गाणं असतं, पोटाला चिमटा काढून केलेलं, आणि तो धास्तावलेला असतो. दर फेरीत काय बदललंस, काय तसंच ठेवलंस आणि का, ते त्याला चार ओळींत लिही. पुष्कळ दुरुस्त्या तिथेच थांबतात. ऐकायला एमपी३ पाठव, डॉक्युमेंट म्हणून. वेव्ह फाइल उरलेले पैसे आल्यावर.

आणि शेवटच्या मिक्सच्या बैठकीतच गाणाऱ्याच्या आवाजाशिवायचा मायनस ट्रॅक काढून ठेव. गणपतीच्या आदल्या दिवशी त्यासाठी फोन येतोच.