घरासमोरची गाडी आणि कौन्सिलचे परमिट

प्रश्न : आम्ही पुण्याहून नोकरीनिमित्त लंडनला आलो. नुकतेच एका बरोतून दुसऱ्या बरोत, एका जुन्या घराचे भाग पाडून केलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. इथे रस्त्यावर गाडी लावायची तर रहिवाशाचे परमिट लागते आणि ते फक्त ऑनलाइन मिळते. पोस्टकोड टाकला तर यादीत आमचा फ्लॅटच नाही. पत्ता कसाबसा जमला तर गाडीचे लॉग बुक नाकारले. शेवटी पैसे भरले गेले, पण परमिटचा कागद काही आला नाही; दंडाची नोटीस मात्र काचेवर लागली. शेजाऱ्यांपेक्षा आमचे परमिट महागही पडले. आमचे नेमके कुठे चुकते आहे? आणि मुळात स्वतःच्या घरासमोर गाडी लावायला पैसे का द्यायचे? — एक वाचक, लंडन

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या मनस्तापाचे मूळ तिथेच आहे. घरासमोरचा रस्ता घराचा नसतो. इंग्लंडच्या कायद्यात सार्वजनिक रस्त्यावर सर्वांना हक्क आहे तो येण्याजाण्याचा. गाडी उभी करून ठेवण्याचा नाही. गाड्या थोड्या होत्या तोवर हा फरक कुणाच्या लक्षात येत नव्हता. १० जुलै १९५८ रोजी लंडनच्या मेफेअर भागात ब्रिटनमधले पहिले पार्किंग मीटर बसले, आणि रस्त्याच्या कडेची जागा हिशेबाने वाटायची वस्तू झाली. बाहेरून कामाला येणाऱ्यांच्या गाड्यांनी राहत्या लोकांना जागाच उरेना, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या जागा आखल्या गेल्या. आज बरोची कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, ठरावीक भागाला नियंत्रित पार्किंगचा झोन ठरवते आणि १९८४च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन कायद्याखाली तिथल्या रहिवाशांना परमिट देते. हे परमिट म्हणजे राखीव जागा नव्हे. तुमच्या झोनमध्ये रिकामी जागा सापडली तर तिथे गाडी लावण्याची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. दारासमोर दुसऱ्या परमिटधारकाची गाडी असेल तर तक्रार करता येत नाही, आणि दोन गल्ल्या पलीकडे दुसरा झोन सुरू होत असेल तर तिथे तुमचे परमिट चालत नाही.

मग पैसे? अनेकांना वाटते की कौन्सिलला पैसे कमी पडले की परमिट महाग करायचे, एवढेच हे गणित आहे. कायदा तसे करू देत नाही. उत्तर लंडनच्या बार्नेट बरोने रहिवाशाच्या परमिटचा दर ४० पौंडांवरून १०० पौंडांवर आणि पाहुण्यांच्या व्हाउचरचा १ पौंडावरून ४ पौंडांवर नेला होता. तिथल्या एका रहिवाशाने त्याला आव्हान दिले. २०१३ साली हायकोर्टाने निकाल दिला, की १९८४चा कायदा हा महसूल गोळा करण्याचा कायदा नाही. इतर खर्च भागवण्यासाठी केलेली ही वाढ बेकायदा आहे. पार्किंगच्या खात्यात शिल्लक राहिलीच, तर ती मुख्यतः रस्ते आणि वाहतुकीच्या कामांवरच खर्चावी लागते. म्हणून दरवाढीची सूचना लागली की कौन्सिलने दिलेले कारण वाचावे आणि हरकतीची मुदत असेल तोवर लेखी म्हणणे मांडावे. त्या निकालामागे एका साध्या रहिवाशाची चिकाटी होती.

आता संगणकाच्या पडद्याकडे येऊ. फॉर्म वारंवार ‘नाही’ म्हणू लागला की आपल्याला वाटते, आपण काहीतरी चुकीचे भरले. बहुतेक वेळा तसे नसते. तो फॉर्म तुमचे म्हणणे ऐकून निर्णय घेत नाही. तुम्ही भरलेली माहिती तो तीन वेगवेगळ्या नोंदींशी ताडून पाहतो : घराची नोंद, गाडीची नोंद आणि त्या घरात राहणारी व्यक्ती म्हणून तुमची नोंद. या तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि एकीतला बदल दुसरीत आपोआप पोचत नाही. आपल्याकडे जमीन विकत घेतली, ताबाही मिळाला, तरी फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत तलाठ्याच्या लेखी जुनाच मालक असतो, इथेही तसेच. म्हणून तोच फॉर्म पुन्हा पुन्हा भरण्यात अर्थ नाही. कोणती नोंद अडते आहे ते शोधून दुरुस्ती तिथे करायची.

तुमचा फ्लॅट यादीत का नाही? पोस्टकोड टाकल्यावर उघडणारी यादी बहुधा कौन्सिलच्या स्वतःच्या घरनोंदीतून येते. ब्रिटनमधल्या प्रत्येक मालमत्तेला जास्तीत जास्त बारा अंकी असा एक क्रमांक असतो. त्याला यूपीआरएन म्हणतात. जुन्या घराचे दोन भाग पाडताना मालकाने नव्या फ्लॅटची नोंद करून घेतली नसेल, तर कौन्सिलच्या लेखी तिथे अजून एकच घर आहे. पोस्टमन मात्र तुमची पत्रे बरोबर आणून टाकतो, मागवलेल्या वस्तूही येतात, कारण टपालखात्याची पत्त्यांची यादी निराळी आहे. तेव्हा पार्किंग विभागाशी वाद घालण्याआधी कौन्सिलच्या ‘स्ट्रीट नेमिंग अँड नंबरिंग’ विभागाला लिहावे, आणि घरमालकालाही त्यात ओढावे, कारण फ्लॅटला क्रमांक मिळवण्याचा अर्ज मालकानेच करायचा असतो. शेजारच्या फ्लॅटचा पत्ता निवडून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तो टाळा. तसे मिळालेले परमिट पुढे रद्द होऊ शकते, आणि शेजाऱ्याने अर्ज केला की घोटाळा उघड होतो.

इथे एक शंका तपासून घ्यायला हवी, आणि ती भाडेकरूच्या लक्षात सहसा येत नाही. काही घरांना परमिट मिळतच नाही. नवी इमारत बांधताना किंवा जुन्या घराचे फ्लॅट करताना, तिथल्या रहिवाशांनी परमिट मागायचे नाही, या अटीवर बांधकामाची परवानगी दिलेली असते. अशा घरांना ‘कार-फ्री’ म्हणतात. ही अट कोणत्या कायद्याने घालता येते यावरून केन्सिंग्टन अँड चेल्सी बरोविरुद्धचा वाद अपील कोर्टापर्यंत गेला. २०१७ साली कोर्टाने सांगितले की नेहमीच्या नियोजन कायद्यातल्या कराराने ती घालता येत नाही, पण लंडनपुरत्या असलेल्या १९७४च्या एका कायद्याने येते. म्हणजे अट कायम राहिली. अपंगांसाठीचा ब्लू बॅज असलेल्यांना तिच्यातून बहुधा सूट असते. घर भाड्याने घेण्यापूर्वी हा प्रश्न एजंटला लेखी विचारावा. तोंडी ‘हो, मिळेल की’ यावर विसंबू नये. तुम्ही आधीच राहायला गेला असाल तर कौन्सिलच्या नियोजन विभागाच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकून परवानगीची कागदपत्रे पाहता येतात.

लॉग बुकाचा घोळ सर्वांत जास्त लोकांना छळतो. लॉग बुक, म्हणजे व्ही५सी हे गाडीचे नोंदणीपत्र, स्वान्सीच्या डीव्हीएलए या सरकारी कचेरीकडून येते. घर बदलल्यावर लोक ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदलतात आणि काम झाले असे समजतात. पण लायसन्सची नोंद वेगळी आणि गाडीची वेगळी. दोन्हींवरचा पत्ता स्वतंत्रपणे बदलावा लागतो. ऑनलाइन केले तर पैसे पडत नाहीत आणि नवे लॉग बुक पोस्टाने येते. पत्ता न बदलणे हा तर गुन्हाच आहे. त्याला १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडी नुकतीच विकत घेतली असेल, तर नवे पुस्तक येईपर्यंत विक्रेत्याने फाडून दिलेली हिरवी पावती आणि विम्याचे प्रमाणपत्र यांवर बरीच कौन्सिले काही आठवड्यांचे तात्पुरते परमिट देतात. फॉर्ममध्ये ही सोय पुष्कळदा ठळकपणे दिसत नाही, म्हणून ती विचारून घ्यावी.

मराठी माणसाची इथे आणखी एक अडचण होते : नाव. पासपोर्टवर आपले नाव वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट असते, लॉग बुकावर फक्त आद्याक्षरे असतात, आणि काउन्सिल टॅक्सच्या बिलावर मधले नाव गळलेले असते. लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर आणखी गुंता. माणसाला हे एकच नाव आहे हे कळते. अक्षरांशी अक्षरे जुळवणाऱ्या संगणकाला कळत नाही. मी तर सांगेन, की नव्या बरोत गेल्यावर पहिले काम काउन्सिल टॅक्सचे खाते उघडण्याचे करा, आणि त्यावर नाव लॉग बुकावर आहे तसेच, अक्षरशः तसेच, लिहा. तुम्ही त्या घरात राहता याचा पडताळा पुष्कळ कौन्सिले त्याच खात्यावरून घेतात. कागदांचे फोटो पाठवताना फाइल जेपीजी किंवा पीडीएफ आहे ना, तेही पाहावे. आयफोन फोटो एरवी हेइक या प्रकारात साठवतो आणि कित्येक संकेतस्थळे तो घेत नाहीत.

शेजाऱ्यापेक्षा तुमचे परमिट महाग पडले, कारण लंडनच्या अनेक बरोंत दर गाडीच्या धुरावर ठरतो. गाडीचा क्रमांक टाकला की दर किलोमीटरला ती किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते हा आकडा डीव्हीएलएच्या नोंदीतून येतो आणि त्यावरून दर लागतो. मार्च २००१ पूर्वी नोंदवलेल्या गाड्यांचा तो आकडा सहसा उपलब्ध नसतो, म्हणून त्यांचा दर इंजिनाच्या आकारावर ठरवतात. डिझेलवर वेगळा अधिभार असू शकतो, आणि एकाच घरातल्या दुसऱ्या गाडीला बहुधा जास्त पैसे पडतात.

आता तुमचा न आलेला कागद. तो येणारच नव्हता. बहुतेक ठिकाणी परमिट आता केवळ नोंदीच्या रूपात असते. गस्तीवरचा अधिकारी गाडीच्या काचेकडे पाहत नाही. हातातल्या यंत्रात तो नंबर प्लेट घालतो आणि त्या क्रमांकावर परमिट चालू आहे का ते बघतो. त्यामुळे क्रमांकातले एक अक्षर चुकले तरी पैसे भरलेली गाडी विनापरमिट ठरते. सर्वांत जास्त गफलत शून्य आणि ‘ओ’ यांत होते. सप्टेंबर २००१पासूनच्या नेहमीच्या प्लेटवर आधी दोन अक्षरे, मग दोन अंक, मग तीन अक्षरे असा क्रम असतो. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या जागी गोल दिसला तर तो शून्यच आणि इतरत्र दिसला तर ‘ओ’च. दुसरी गफलत तारखेची. पैसे घेतले गेले म्हणजे परमिट सुरू झाले असे नाही. ‘अर्ज मिळाला’ आणि ‘परमिट मंजूर झाले’ या दोन वेगळ्या ईमेल असतात, आणि गाडी निर्धास्तपणे लावायची ती दुसरीतल्या सुरुवातीच्या तारखेपासून. मधल्या दिवसांसाठी तात्पुरते परमिट घ्यावे किंवा पैसे भरून लावायची जागा शोधावी.

नोटीस आलीच आहे, तर ती बाजूला ठेवू नका. चौदा दिवसांत भरल्यास दंड निम्मा होतो. पण तुमचे म्हणणे खरे असेल तर भरू नका, कारण पैसे भरले की प्रकरण तिथेच मिटते. त्याच चौदा दिवसांत लेखी हरकत घ्या. सोबत परमिटचे पैसे भरल्याची पावती, नाकारलेल्या अर्जाचे स्क्रीनशॉट आणि कौन्सिलचे ईमेल जोडा. चौदा दिवसांच्या आत केलेली हरकत फेटाळली गेली, तर निम्म्या दंडाची सवलत पुन्हा देण्याचा विचार कौन्सिलने करावा, असे सरकारी मार्गदर्शन आहे. पुढची पायरी ‘नोटीस टू ओनर’ची. तिच्यावर अठ्ठावीस दिवसांत औपचारिक हरकत घेता येते, आणि कौन्सिलने छप्पन्न दिवसांत उत्तर दिले नाही तर तुमची हरकत मान्य झाली असे धरले जाते. तीही फेटाळली गेली तर लंडन ट्रायब्युनल्समध्ये विनामूल्य अपील आहे. लंडनबाहेर हे काम ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल करते.

एका गोष्टीची मला खरी धास्ती वाटते. ही ‘नोटीस टू ओनर’ लॉग बुकावरच्या पत्त्यावर जाते. तिथे अजून जुना पत्ता असेल तर ती तुमच्यापर्यंत पोचत नाही, दंड निम्म्याने वाढतो, आणि प्रकरण नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमधून वसुलीवाल्यांकडे जाऊ शकते. नोटीस मिळालीच नाही असे सत्य निवेदन करून ते मागे आणता येते, पण तोवर झोप उडालेली असते. तेव्हा आधी तो पत्ता बदला.

राहता राहिली सक्तीच्या ऑनलाइनची गोष्ट. याबाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. ज्यांना डोळ्यांनी कमी दिसते, हात थरथरतात किंवा ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्यांना घराबाहेर गाडी लावण्यासाठी मुला-नातवंडांपुढे हात पसरावा लागणे योग्य नाही. २०१०च्या इक्वॅलिटी कायद्यानुसार अपंग व्यक्तीसाठी कौन्सिलला वाजवी सोय करावीच लागते; अपंगत्वामुळे ऑनलाइन अर्ज जमत नसेल तर तसे स्पष्ट लिहून फोनवरच्या किंवा कागदी अर्जाची मागणी करा. संकेतस्थळ शोधताना जाहिरातीतल्या दुव्यावर जाऊ नका. कौन्सिलच्या, ‘गव्ह डॉट यूके’ने संपणाऱ्या पत्त्यावरूनच पुढे जा, कारण जास्तीचे शुल्क उकळणारी दिसायला सारखी स्थळे असतात. आणि दंडाव्यतिरिक्तची तक्रार, म्हणजे अर्ज अडकून पडणे, उत्तरच न येणे, अशी असेल तर ती आधी कौन्सिलच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर, मूळ अडचण लक्षात आल्यापासून बारा महिन्यांच्या आत, लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जाता येते. तेही विनामूल्य आहे. तुमच्या बाबतीत मात्र आजची दोन कामे वेगळी : लॉग बुकाचा पत्ता बदलणे आणि नोटिशीवरची तारीख पाहून चौदा दिवस कधी संपतात ते मोजणे.