दिव्याची घाई नको गं

अगं, कोरलच्या टँकमध्ये अजून पाणी नाही आणि तू दिव्यांचे फोटो पाठवत सुटलीस! बरं, विचारलंच आहेस तर ऐक.

पहिला महिनाभर दिवा लावूच नकोस. त्या काळात खडकांवर जिवाणू धरायचे असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट, आणि त्यांना उजेड लागत नाही. उजेडाची वाट बघत बसलेलं असतं ते शेवाळ. त्याला आयतं आमंत्रण कशाला? टँक खिडकीपाशीही नको. पुढे दिवा सुरू केलास की वाळूवर तपकिरी साय धरेल. ते डायटम. थोड्या दिवसांनी आपोआप जातात, घासत बसू नकोस.

आता दिवा कोणता? दुकानदार वॅट सांगेल. वॅटवरून वीजबिल कळतं, कोरलपर्यंत काय पोचतं ते नाही. त्याला 'पार' (PAR), म्हणजे अन्न तयार करायला कामी येणारा उजेड, किती ते विचार. मशरूम, झोअँथिड अशा मऊ मंडळींना 50 ते 150 पार पुष्कळ होतो. 200-300 लागतो तो अॅक्रोपोरासारख्यांना, आणि त्यांच्या वाटेला तू जाऊच नकोस. तसली दगडी सांगाड्याची प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. "मालवणहून आणून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर सरळ उठून ये. म्हणजे अॅक्रोपोराला लागणारा महागडा दिवाही आपोआप कटाप!

सगळं निळंनिळं दिसतं म्हणून कुरकुरू नकोस. समुद्रात तांबडा उजेड वरच्या वरच विरतो, खोलवर निळाच पोचतो. कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते त्या उजेडावर अन्न तयार करतं आणि कोरलला पोसतं. उजेड अति झाला तर हाच भाडेकरू बाहेर पडतो आणि कोरल पांढरंफटक होतं. नव्या टँकमध्ये उजेडापायी कोरल मेलं तर ते बहुधा हौसेनं वाढवलेल्या उजेडानं, कमी उजेडानं क्वचितच. म्हणून दिवा पाण्याच्या वीतभर वर टांग, पंचवीस टक्क्यांवर सुरू कर आणि आठवड्याला पाचेक टक्केच वाढव. झोअँथिड माना लांब करून वर ताणायला लागले तर उजेड कमी पडतोय. आक्रसून फिकट झाले तर जास्त होतोय. बदल केलास की आठवडाभर हात लावायचा नाही, कितीही शिवशिवले तरी.

टायमर दुपारी 2 ते रात्री 10 लाव. आठ तास पुरेत, आणि तू ऑफिसातून आल्यावर निवांत बघत बसता येईल. नाहीतर सगळी शोभा एकट्या कामवाल्या मावशी बघणार.

आणि हो, वायर प्लगमध्ये सरळ नेऊ नकोस. प्लगच्या खाली येईल असा झोल सोड, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं खारं पाणी तिथूनच खाली टपकेल. घरात आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारी कळ) आहे ना? नसेल तर आधी ती बसवून घे, मग पाणी भर. आमच्या इलेक्ट्रिशियनचा नंबर पाठवते, तो रविवारीही येतो.