कंटेनर काढला, तरी वेबसाइट टिकली पाहिजे

उल्हासनगरातल्या एका जीन्स कारखानदाराची वेबसाइट अगदी साधी होती: मालाचे फोटो, साइझ, घाऊक दर, फोन नंबर. डॉकरच्या कंटेनरमध्ये एन्जिनएक्स ही पानं दाखवत असे. एके दिवशी साइटवर मागच्या वर्षीचे दर आणि बंद पडलेला नंबर दिसू लागला. मला बोलावणं आलं, तोवर जुना कंटेनर काढून टाकलेला होता.

आधी साइट सांभाळणारा माणूस दर बदलले की थेट चालू कंटेनरमध्ये शिरून फाइल दुरुस्त करत असे. सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला, तरी हे बदल जागेवर राहत. कंटेनर नुसता थांबवला, तर आतलं लिखाण पुसलं जात नाही, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. एन्जिनएक्स अपडेट करायची वेळ आली, तेव्हा जुना कंटेनर काढून नवा उभा केला गेला. नवा कंटेनर इमेजवरून उभा राहतो आणि इमेजमध्ये जुनीच पानं होती. शेवटी मालकांच्या व्हॉट्सअॅपवरच्या जुन्या मेसेजमधून दरपत्रक पुन्हा जुळवावं लागलं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं:

चालू कंटेनरमध्ये कधीही लिहू नका. बदल मूळ फाइलमध्ये करा, गिटमध्ये नोंदवा, नवी इमेज बांधा आणि तीच चढवा.

दुसऱ्याची साइट हाती घेतलीत, तर कंटेनर काढण्यापूर्वी 'डॉकर डिफ' चालवा. इमेजपेक्षा वेगळ्या झालेल्या फाइलींची यादी मिळते. त्यातल्या कामाच्या 'डॉकर सीपी'ने बाहेर काढून घ्या.

साइट ह्यूगो किंवा नोड वापरून तयार होत असेल, तर डॉकरफाइल दोन टप्प्यांत लिहा. डॉकरमध्ये ही सोय 2017 पासून आहे. पहिल्या टप्प्यात पानं तयार होतात, दुसऱ्यात फक्त ती पानं आणि एन्जिनएक्स राहतात. इमेज लहान होते, लवकर चढते.

इमेजला 'लेटेस्ट' एवढंच नाव देऊन थांबू नका. प्रत्येक इमेजला आवृत्तीचा क्रमांक द्या आणि मागची इमेज जपून ठेवा. नवीत गडबड निघाली, तर लगेच जुनीवर परतता येतं.

एम-1 किंवा त्यापुढच्या चिपच्या मॅकवर बांधलेली इमेज इंटेल किंवा एएमडीच्या सर्व्हरवर बहुधा चालत नाही. बांधतानाच प्लॅटफॉर्म म्हणून 'लिनक्स/एएमडी64' नमूद करा.

गिटची प्रत घराबाहेरच्या सर्व्हरवरही असू द्या. 26 जुलै 2005 ला आणि 27 जुलै 2019 ला उल्हास नदीचं पाणी बदलापूरच्या वस्तीत शिरलं होतं. तळमजल्यावरच्या संगणकात ठेवलेली एकुलती एक प्रत अशा दिवशी वाचत नाही.

साइट ग्राहकांसाठी खुली करण्याआधी एक परीक्षा घ्या. दुसऱ्या संगणकावर फक्त गिटमधल्या फाइली घेऊन ती नव्याने उभी करून पाहा. जशीच्या तशी उभी राहिली, तरच काम पूर्ण झालं समजा.