आधी भाडं सांग, मग सूर्यास्त दाखव

बयो, रागावू नकोस, पण तुझ्या होमस्टेची वेबसाइट उघडली की आधी सूर्यास्त दिसतो, मग दुसरा सूर्यास्त, मग माड आणि मग 'आपले सहर्ष स्वागत आहे'. अगं, तारकर्लीचा समुद्र सुंदर आहे हे माहीत आहे, म्हणून तर माणूस तुझ्यापर्यंत पोचलाय! त्याला आता खोलीचं भाडं हवंय आणि तेच तू कुठे लिहिलेलं नाहीस.

'दरासाठी संपर्क साधा' हे आजच काढून टाक. तुला वाटतं, फोन आला की बोलता बोलता गिऱ्हाईक पटवता येईल. पण पुण्यात बसमध्ये उभ्या उभ्या चार होमस्टे चाळणारी बाई फोन करतच नाही. जिथे दर दिसतो तिथे ती थांबते. मे, दिवाळी, थर्टीफर्स्टचे दर वेगळे असतील तर तेही लिही. जेवण धरून की सोडून, जास्तीच्या गादीचे किती, मुलांचे किती? हे आल्यावर कळलं की फसवल्यासारखं वाटतं, मग तू कितीही सुरमई वाढ.

आणि सगळे काही मासे खायला येत नाहीत. सासू-सासऱ्यांना घेऊन येणाऱ्यांचं बुकिंग सोलकढीवर नाही, सासूबाईंच्या गुडघ्यांवर ठरतं. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गरम पाणी कधी येतं, शाकाहारी ताट वेगळं मिळतं का, हे लिहायला लाजू नकोस. बाथरूमचा एक स्वच्छ फोटो टाक. तो तुझ्या दोन्ही सूर्यास्तांपेक्षा जास्त बुकिंग आणेल, लिहून ठेव.

'कसे याल' मध्ये नुसता नकाशा चिकटवलायस. कोकणकन्येने कुडाळला उतरा, तिथून मालवण साधारण 30 किलोमीटर, पुढे तारकर्ली 6-7, असं सरळ सांग की! रिक्षावाले साधारण किती घेतात तेही सांग. गाडी सकाळी येते आणि तुझी खोली मिळते दुपारी बाराला. तोवर बॅगा घेऊन पोरंबाळं कुठे बसवायची, याचं उत्तर तिथे हवं. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, हेही ठळक लिही. जुलैत येऊन हिरमुसलेला पाहुणा रिव्ह्यूत राग काढतो तो तुझ्यावर, समुद्रावर नाही.

बाकीचं त्या वेबसाइटवाल्या मुलाला सांग. मोबाइलचा फोटो 4-5 एमबीचा असतो, तो 200-300 केबीवर आणून टाकायचा. मोबाइलवर पान उघडायला 3 सेकंदांहून जास्त लागले तर 53 टक्के भेटी तिथेच संपतात, असं गुगलनेच 2016 मध्ये सांगितलं होतं. फोन नंबर फोटोत कोरलेला नको, बोट लावलं की लागला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण प्रत्येक पानावर हवं. फॉर्ममध्ये तारीख, माणसं किती आणि नंबर, बस्स. पत्ता कशाला विचारतेस, तू काय राखी पाठवणार आहेस? आणि ते संगीत बंद कर बाई, ऑफिसात चोरून बघणारा दचकतो!

एवढं झालं की शेजारच्या काकूंच्या हातात मोबाइल दे. 'मे महिन्यात दोन खोल्या, चार माणसं, दोन रात्री, किती होतील?' असं विचार आणि गप्प बस. अगदी गप्प. 'अहो, तिथे वर दाबा' असं जिथे तुझ्या ओठांवर येईल, तिथे वेबसाइट दुरुस्त करायची. वेबसाइट सोप्या कशा कराव्यात याचे जाणकार जेकब नील्सन यांनी 2000 सालीच लिहून ठेवलंय की, अशी पाच माणसं बसवली तरी बहुतेक अडचणी सापडतात. पाच माणसं काय, तुझ्या अंगणात रोज संध्याकाळी जमतात.

शाळांच्या परीक्षांची वेळापत्रकं लागली की लोक मेच्या सुट्ट्या ठरवायला घेतात. बाकीचं सवडीने कर, पण त्याआधी दर तेवढे टाकून मोकळी हो.