मानेच्या शिरेचे ऑपरेशन आणि गर्भातली राहून गेलेली धमनी

लकव्याचा झटका येऊन गेला, तपासणीत मानेतली शीर सत्तर-ऐंशी टक्के बंद निघाली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, की घरात पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा जिवाचा. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो आम्ही या वेळी सांगणार आहोत. त्यासाठी थोडे शरीरशास्त्र समजून घ्यावे लागेल.

मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या मुख्य धमन्या चार. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवले की ठोका लागतो, त्या दोन कॅरोटिड. मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर चढतात त्या दोन व्हर्टिब्रल. या मागच्या दोघी कवटीत एकत्र होतात, तिला बॅसिलर म्हणतात. मेंदूचा देठ आणि लहान मेंदू या मागच्या रक्तावर जगतात. श्वास, गिळणे, शुद्ध, तोल ही कामे तिथली. त्यामुळे कॅरोटिडचे ऑपरेशन करताना डॉक्टरांचा हिशेब असा असतो, की पुढची एक शीर चिमट्याने थोडा वेळ बंद केली तरी मागचा भाग आपला स्वतंत्र चालू राहील.

बहुतेकांत तसेच होते. पण आईच्या पोटात ही वाटणी सुरुवातीपासून नसते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास, गर्भ जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा असताना, मणक्यांतल्या धमन्या तयारच झालेल्या नसतात. तेव्हा कॅरोटिडच छोट्या आडव्या वाटांनी मागच्या मेंदूला रक्त देते. मागचा रस्ता तयार झाला, की साधारण आठवडाभरात या वाटा बुजतात. नवी नळाची लाइन पडली की जुनी तोडतात, तसेच. एखाद्या माणसात मात्र जुनी लाइन तुटत नाही आणि नवी बारीकच राहते.

अशा राहून गेलेल्या वाटांपैकी जास्त आढळते ती ट्रायजेमिनल धमनी, हजारात साधारण एक ते सहा जणांत. हायपोग्लॉसल त्याहून विरळ आणि प्रोअटलांटल तर फारच क्वचित. हा आजार नव्हे. कित्येक माणसे ती घेऊन म्हातारी होतात आणि त्यांना पत्ताही नसतो. रिपोर्टात असे नाव दिसले म्हणून घाबरून जाऊ नये.

अडचण होते ती कॅरोटिडमध्ये चरबीचा थर साचल्यावर. एक तर लक्षणे फसवतात. कॅरोटिडच्या झटक्यात तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे हे अपेक्षित असते. जुनी वाट उघडी असेल तर कॅरोटिडमधला कण त्या वाटेने मागे जातो आणि रोग्याला चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, चालताना झोक जातो. मग ‘मानेचा गॅप आहे’ म्हणून पट्टा बांधून घरी पाठवले जाते. असा पट्टा बांधलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहतो. सगळ्यांचा त्रास काही मेंदूचा नसतो, पण चक्कर अचानक आली आणि सोबत दोन-दोन दिसू लागले तर पट्ट्यावर थांबू नये.

दुसरी गोष्ट ऑपरेशनच्या टेबलावरची. हायपोग्लॉसल धमनी मानेतच, वरच्या मणक्यांच्या पातळीवर कॅरोटिडमधून फुटते. अशा माणसाच्या व्हर्टिब्रल धमन्या पुष्कळदा अगदी बारीक असतात. तिथे कॅरोटिडला चिमटा लावला, की पुढचा मेंदू आणि देठ दोघांचे पाणी एकदमच तुटते. हे आधी कळले असेल तर सर्जन तयारीने उतरतो. शंट नावाची प्लास्टिकची बारीक नळी घालून ऑपरेशनभर रक्त चालू ठेवता येते. पण नळीचे वरचे टोक त्या फाट्याच्या खालीच राहायला हवे, नाहीतर नळी असूनही फाटा कोरडा. काही ठिकाणी फक्त मान बधिर करून रोग्याला जागे ठेवतात, बोलते ठेवतात, हातातला चेंडू दाबायला सांगतात. काही ठिकाणी मेंदूच्या लहरींवर नजर ठेवतात. ट्रायजेमिनलचा फाटा कवटीच्या आत असतो, म्हणून मानेतल्या नळीतून त्याला रक्त मिळत राहते.

मानेची सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर, अडथळा किती आहे हे चांगले दाखवते. कवटीतले तिला दिसत नाही. हा फाटा दिसतो तो छातीपासून डोक्यापर्यंतच्या सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत. म्हणून सही करण्याआधी सरळ विचारा : “डॉक्टर, फक्त डॉपलरवर ठरवले आहे की डोक्यापर्यंतची अँजिओग्राफी झाली? मागच्या शिरा कशा आहेत? चिमटा लावल्यावर मेंदूला रक्त कुठून मिळेल?” कुणी रागावले तर रागावू द्या. संमतीपत्रावर अंगठा किंवा सही आपली असते, त्यामुळे विचारणे हा हक्कच आहे.

या भीतीने ऑपरेशनच टाळू नका. 1991 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. झटका येऊन गेलेल्या आणि सत्तर टक्के किंवा जास्त अडथळा असलेल्या रोग्यांत, नुसत्या औषधावर राहिलेल्या शंभरांपैकी 26 जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा लकवा झाला. ऑपरेशन केलेल्यांत हा आकडा 9 होता. फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो, म्हणून ‘सण झाल्यावर बघू’ असे म्हणू नये.

अँजिओग्राफीची सीडी आणि फिल्म मागून घ्या व घरात पत्र्याच्या पेटीत कोरड्या जागी ठेवा. दुसऱ्या हॉस्पिटलात जायची वेळ आली तर नुसता टाइप केलेला रिपोर्ट पुरत नाही. सर्जनला फाटा कुठून निघतो ते स्वतः पाहावे लागते.